नर्मदाकाकूंचा उजवा डोळा

सुमेध वानखडेच्या कारखान्यात प्रणोती देशकर रुजू झाली, तेव्हा इथल्या लोकांना लोखंड म्हणजे काय ते आता आपणच शिकवायचं, असं तिच्या मनात होतं. असं वाटायला पंचविशीचं वय लागतं आणि धातुशास्त्राची कोरी पदवी लागते. तिच्याकडे दोन्ही होतं. शिक्षण नागपूरला, लग्न होऊन जबलपूरला राइट टाउनात सासर, आणि सासऱ्यांच्या ओळखीतून रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतली ही नोकरी. पहिल्या दिवशी ती स्कूटीवरून उतरून शेडमध्ये शिरली, तर भट्टीसमोर साठीच्या घरातल्या एक बाई उभ्या. सुती साडी, तिच्यावर चामड्याचा एप्रन, पायांत पुरुषी बूट आणि हातात लांब सांडशी.

"या कोण?" तिनं विचारलं.

"नर्मदाकाकू. छिन्न्यांना पाणी त्याच देतात," सुमेध म्हणाला.

"आणि तापमान मोजायचा मीटर कुठे आहे?"

"त्याच," सुमेध म्हणाला, आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

पाणी देणं म्हणजे काय, हे प्रणोती पुस्तकात शिकली होती, पण तिथं त्याला नाव वेगळं होतं आणि त्याचा आलेख होता. भेडाघाटचे मूर्तिकार संगमरवरावर जी छिन्नी चालवतात, तिचं टोक कडक लागतं आणि पाठ नरम. टोक नरम राहिलं तर धार वळते. पाठ कडक झाली तर हातोडीखाली तिच्या ढलप्या उडतात. वीतभर लोखंडात दोन स्वभाव बसवायचे, असलं हे काम. आधी छिन्नी लालभडक तापवायची आणि टोक तेवढं पाण्यात बुडवायचं. टोक कडक होतं, पण इतकं कडक की काचेगत तडकेल. म्हणून मग ते थोडं उतरवायचं. टोक दगडावर पटकन घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. पाठीत उरलेली धग हळूहळू टोकाकडे सरकते आणि त्या चकचकीत पोलादावर रंग चढत जातात: आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. एकेक रंग चार-पाच सेकंदांचा पाहुणा. हवा तो रंग टोकाशी आला, की सगळी छिन्नी पाण्यात. संपलं. एवढंच शिकायला नर्मदाकाकूंना अकरा वर्षं लागली होती.

कारखान्यात विजेची भट्टी होती, तिला मीटरही होता, पण ती गिअर आणि पिनांसाठी. तिच्यात घातलेला तुकडा शेंडीपासून नखापर्यंत सारखा तापतो. छिन्नीचे दोन स्वभाव तिला जमत नाहीत. ते काम डोळ्याचं.

आणि डोळा होता काकूंचा. सत्ताविसाव्या वर्षी नवरा काविळीनं गेला, पदरात अंकुर दीड वर्षाचा. त्याच्या जागी खमरियाच्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली. घरचे म्हणत होते, कागदपत्रांच्या खोलीत बसायला मिळेल तर बस, पंख्याखाली. काकूंनी नवऱ्याचंच खातं मागून घेतलं. भट्टीचं. सासरच्या मंडळींनी तोंडात बोटं घातली. तिथं अंबादास उस्तादांनी त्यांना शिकवलं. आधी वर्षभर नुसतं नरम करायचं काम: तापलेला तुकडा राखेत पुरायचा, दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही, सावकाश निवला की तो कानशीला लोण्यासारखा लागतो. "घाईनं थंड केलं तर अकडते, सावकाश थंड केलं तर ऐकते," काकू सांगत. "माणसाचंही तेच आहे, पण माणसाला राखेत कोण पुरून ठेवते?" नोकरीत असतानाही सुटीच्या दिवशी त्या सुमेधच्या वडिलांच्या भट्टीवर येऊन भेडाघाटच्या छिन्न्यांना पाणी देत. साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या, आणि त्यांनी दुसऱ्याच महिन्यात कांचघर मोहल्ल्यात काकूंच्या घरी जाऊन, चहा पिऊन, त्यांना कायमचं इथं आणलं.

हे सगळं प्रणोतीला नंतर कळलं. पहिल्या आठवड्यात तिला फक्त एवढं दिसलं की इथं अंदाजपंचे काम चाललंय. तिनं हट्टानं सुमेधला कडकपणा मोजायचं यंत्र घ्यायला लावलं. यंत्र आलं त्या दुपारी काकू डबा खात असताना तिनं बारा छिन्न्या गुपचूप उचलल्या आणि एकेक तपासली. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. साडेसत्तावन्न. अठ्ठावन्न. तिनं यंत्र बंद केलं, परत चालू केलं, परत तपासलं. बाराच्या बारा अर्ध्या अंकाच्या आत. तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सरांना एवढं जमलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

मागून आवाज आला, "काय म्हणते तुझी मशीन?"

"चांगलं म्हणते," प्रणोती पुटपुटली.

"चांगली आहे मशीन," काकू म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

त्या दिवसापासून प्रणोती त्यांची झाली. वय, शिक्षण, पद, सगळं विसरून ती सुट्टीच्या वेळात भट्टीपाशी उभी राहायची. टोकावर रंग चढायला लागला की काकूंचा चेहरा कसा होतो, ते ती बघायची. देवाची आरती चालली असताना मन भलतीकडे गेलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. काकूंचं मन भट्टीसमोर कधी कुठे गेलं नाही. दोन वर्षं तिनं हे पाहिलं, आणि त्या दोन वर्षांत एक गोष्ट झाली, जी कोणाच्या लक्षात आली नाही. छिन्न्या तपासायचं तिनं सोडून दिलं. गिअर तपासायची, पिना तपासायची, पण छिन्न्यांचा डबा समोर आला की न उघडता चिठ्ठीवर सही करायची: पास. हातच्या काकणाला आरसा कशाला?

काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू, डावा दोन-तीन महिन्यांनी. नोव्हेंबरात उजव्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर काकू घरी होत्या आणि महिनाभर छिन्न्यांचं काम बंद होतं. परत आल्या तेव्हा खुशीत होत्या.

"सगळं धुऊन काढल्यासारखं दिसून राहिलं," त्या डबा उघडता उघडता म्हणाल्या. "तू एवढी गोरी आहेस हे मला माहीतच नव्हतं. अन् अमिताला सांगितलं मी, सुनबाई, पांढऱ्या साडीला नीळ कमी टाकत जा, किती निळी करून ठेवली. तर म्हणते, आई, मी तर आजकाल नीळ टाकतच नाही. खोटं बोलायला काहून लागते एवढ्याशा गोष्टीसाठी?"

प्रणोती हसली. सासू-सुनांचं चालायचंच, असं तिला वाटलं.

त्या आठवड्यात काकूंनी एकशेवीस छिन्न्या केल्या. प्रणोतीनं चिठ्ठीवर सही केली आणि माल भेडाघाटला गेला.

नवव्या दिवशी तुळशीराम मूर्तिकार कारखान्यात आले. पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. पंधरा वर्षं काकूंच्याच छिन्न्या वापरणारे. डाव्या डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर, पट्टी होती. त्यांनी खिशातून एक छिन्नी काढून टेबलावर ठेवली. तिचं टोक तुटलेलं होतं.

"दीदी," ते म्हणाले, "इस बार आपने काँच दे दिया."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. टोकाचा तुकडा उडून गालात शिरला होता. दोन टाके पडले. बोटभर वर गेला असता तर डोळाच. गावात आणखी चौघांच्या छिन्न्या अशाच तुटल्या होत्या. काकूंनी ती छिन्नी उचलली, तुटलेली जागा उजेडात धरली. मग हात जोडले. तुळशीरामांना सगळा माल परत पाठवायला सांगितलं आणि ते गेल्यावर सुमेधकडे वळल्या.

"हा सगळा माल मी पुन्हा करते. त्यातली एक जरी तुटली, तर एप्रन खुंटीला. मग मला बोलवायला यायचं नाही."

काकूंचा शब्द कसा असतो ते सुमेधला लहानपणापासून ठाऊक होतं. 

प्रणोतीनं यंत्रावर छिन्नी लावली. एकसष्ट, हवं त्याहून कितीतरी कडक. दुसरी लावली, साठ.  दोन मिनिटांचं काम होतं. दोन मिनिटं यंत्राशी बसली असती तर त्या माणसाचा गाल शाबूत राहिला असता, आणि ती बसली नव्हती, कारण तिला काकू आवडत होत्या. प्रेमानं केलेला निष्काळजीपणा हा काही कमी निष्काळजीपणा नसतो, हे तिला त्या दुपारी नीट समजलं.

"तीन-चार वर्षांपासून सांगून राहिली मी," काकू म्हणाल्या, "आजकालच्या लोखंडात दम नाही. मागे छिन्न्यांची धार वळायला लागली होती. मूर्तिवाले येऊन सांगत, दीदी, धार मुड़ती है. मग मी जांभळ्याच्या आधीच, तपकिरीवर, काढायला लागली. तेव्हा कुठे जमलं. आता तपकिरीवर काढली तर तुटते. आज एक अन् उद्या एक, असं कुठे लोखंड असते का?"

प्रणोतीनं पोलादाचा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आला: जसं हवं तसं, दोन वर्षांपूर्वीच्या मालासारखंच. पाणी तपासलं, पाण्यात काही नव्हतं. भट्टीचा कोळसा तोच, दगड तोच. सगळे निर्दोष सुटत गेले आणि मागे एकच उरलं.

संध्याकाळी सुमेधनं तिला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, मी नाही सांगू शकत. मला त्यांनी कडेवर घेऊन फिरवलंय. तुम्ही लिहून द्या, की आता हे काम यांच्याकडून होत नाही. तुम्ही लिहिलं की त्या ऐकतील. आणि पुन्हा कोणाला लागलं तर, भेडाघाटला मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्याचं काही चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. प्रणोतीनं कागद घेतला, तारीख घातली. "श्रीमती नर्मदा निखाडे" एवढं लिहिलं. पुढचं लिहायला हात उचलेना. उद्या देते, म्हणाली, आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी ती साडेआठलाच पोचली. काकू तिच्याही आधी आलेल्या. भट्टी पेटलेली होती आणि काकू एका हातात सांडशी धरून, दुसऱ्या हातानं एक डोळा झाकून उभ्या होत्या. मग त्यांनी हात बदलला आणि दुसरा डोळा झाकला.

"इकडे ये," त्यांनी मागं न बघताच सांगितलं. "काल घरी साडी वाळत घातली होती. मी पाणी उडालं म्हणून एक डोळा मिटला, तर साडी मळकी. दुसरा मिटला तर निळी. साडी तीच. अमिता खरंच बोलत होती बिचारी." त्यांनी एक घासलेली पट्टी भट्टीत धरली, बाहेर काढली. "आता तू फक्त रंग सांग. मी सांगत नाही."

पट्टीवर गव्हाळ रंग चढला, गडद झाला. "तपकिरी," प्रणोती म्हणाली. "अजून तपकिरी. आता जांभळा. हा पूर्ण जांभळा."

काकूंनी पट्टी पाण्यात घातली. उजेडात नेली. डावा डोळा झाकला. "जांभळा," त्या म्हणाल्या. उजवा झाकला, बराच वेळ बघितलं. "तपकिरी."

 प्रणोतीच्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. मोतीबिंदू पिकतो तसा डोळ्यासमोर पिवळा पडदा येतो. निळा रंग त्यातून गाळला जातो. पोलाद जांभळं झालं तरी काकूंना ते तपकिरीच दिसत होतं. उस्तादांनी शिकवलेला जांभळा दिसेपर्यंत थांबावं, तर खरं पोलाद निळ्यावर गेलेलं असे. म्हणून तेव्हा धार वळत होती. काकूंनी दोष लोखंडाला दिला, पण हाताची सवय बदलली, आणि ती बिनचूक बदलली. पडद्यातून, न कळता, अर्ध्या अंकाच्या आत. प्रणोतीनं त्या दिवशी तपासलेल्या बारा छिन्न्या जवळजवळ आंधळ्या डोळ्यांनी केलेल्या होत्या.

आणि मग डॉक्टरांनी पडदा काढला. काकूंना तपकिरी खरोखर तपकिरी दिसायला लागला, आणि हात सवयीनं तिथंच थांबला.

तिनं हे जमेल तसं समजावून सांगितलं. काकू ऐकत होत्या. मधेच त्या उठल्या, भिंतीशी पोलादाचे गज रचलेले होते तिथं गेल्या आणि वरच्या गजाला हात लावून तो कपाळाला लावला.

"चार वर्षं शिव्या घातल्या बाप्पा याला," त्या म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी."

सुमेधला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. तोड त्याच्यापाशी तयारच होती. "मग सोपं आहे ना, काकू. उजव्यावर पट्टी बांधा आणि डाव्यानं बघा. डाव्याचं सगळं बरोबर येत होतं. डाव्याचं ऑपरेशन राहू द्या."

"राहू कसं देऊ?" काकू म्हणाल्या. "तो अजून पिकून राहिला. आज तपकिरी दाखवते, उद्या गव्हाळ दाखवेल. रोज थोडं खोटं बोलणाऱ्याच्या भरवशावर मी किती दिवस राहू? डावाही करून घेईन मी. आता जे खरं दिसते, तेच शिकायचं." मग त्या प्रणोतीकडे वळल्या. "तू शिकव."

"मी?"

"तुझ्याजवळ मीटर आहे. मला कोणता रंग किती अंशाचा, ते दाखव. पहिलीपासून."

छत्तीस वर्षं भट्टीसमोर काढलेली बाई दोन वर्षांपूर्वी आलेल्या पोरीला शिकव म्हणते, आणि म्हणताना तिला जराही कमीपणा वाटत नाही, हे प्रणोतीनं तोवर पाहिलेलं नव्हतं. तिच्या कॉलेजातले लोक एक बेरीज चुकली तर पुस्तक चुकलं म्हणत. पर्समधला तो कागद तिनं त्याच दुपारी भट्टीत टाकला.

विजेच्या छोट्या भट्टीत तिनं घासलेल्या पट्ट्या घातल्या. एक दोनशेवीस अंशांवर, एक दोनशेचाळीसवर, मग दोनशेसाठ, मग दोनशेऐंशी, मग तीनशे. पट्ट्या फळीवर ओळीनं खिळल्या, खाली आकडे लिहिले. काकू डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून त्यांच्यासमोर बसायच्या आणि बघायच्या. अर्धा तास बघितलं की भट्टीपाशी जायच्या आणि एक छिन्नी करायच्या. प्रणोती यंत्रावर लावायची आणि आकडा ओरडून सांगायची.

पहिल्या दिवशी साठ, एकसष्ट, साठ. डोळ्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. तपकिरी आला की मनगट आपोआप पाण्याकडे वळायचं. दुसऱ्या दिवशी त्या फार थांबल्या: चोपन्न. तिसऱ्या दिवशी पुन्हा साठ आला, तेव्हा काकूंनी सांडशी खाली ठेवली आणि स्टुलावर बसल्या.

"हात ऐकत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "त्याला वाटते, तो माझ्यापेक्षा शहाणा आहे."

"तो होताच शहाणा," प्रणोती म्हणाली. "चार वर्षं त्यानंच सांभाळलं."

काकूंनी नाक पुसलं. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि त्यांनी एक युक्ती केली. तपकिरी आला की मोठ्यानं "नाही" म्हणायचं, आणि जांभळा टोकापर्यंत पोचला की "हो". दिवसभर शेडमध्ये तेच ऐकू येत होतं: नाही, नाही, नाही, हो. लेथवरची पोरं हसायला लागली, काकूही हसल्या, पण थांबल्या नाहीत. पाचव्या दिवशी सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. सातव्या दिवशी "नाही" म्हणायची गरज उरली नव्हती.

मग परत आलेला माल त्यांनी सगळा नव्यानं केला. तुटक्या आणि धड, सगळ्याच छिन्न्या तापवून राखेत पुरल्या, नरम झाल्यावर कानशीनं टोकं काढली, पुन्हा पाणी दिलं. नुसतं पुन्हा तापवून उतरवल्या असत्या तरी बऱ्याचशा चालल्या असत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि प्रणोतीलाही. पण काकू म्हणाल्या, डाग लागलेला कपडा झाकून नाही, धुऊन द्यायचा. या वेळी प्रणोतीनं एकशेवीसच्या एकशेवीस छिन्न्या यंत्रावर लावल्या. अठ्ठावन्नच्या आसपास सगळ्या. सुमेधनं मोठा श्वास सोडला. "झालं तर मग. पास."

"तुझी मशीन पास म्हणते, ही पास म्हणते," काकू म्हणाल्या. "ज्याच्या गालाला लागलं, तो पास म्हणू दे. तो नाही म्हणाला तर मी घरी."

रविवारी सुमेधच्या गाडीनं तिघं भेडाघाटला गेले. तुळशीरामांच्या अंगणात पांढऱ्या भुकटीचा थर होता. गालावरची पट्टी निघाली होती, तिथं लाल व्रण राहिला होता. त्यांची लेक सलोनी, तेवीस-चोवीसची, एका हातभर मूर्तीशी बसली होती. बाजारातून आणलेल्या जाड छिन्नीनं ती ओठ काढत होती आणि ते जमत नव्हतं. नवा माल परत गेला होताच, पण घरातल्या काकूंच्या जुन्या छिन्न्याही वडिलांनी तिच्याकडून काढून घेतल्या होत्या. तिला चेहरे फार जवळून कोरायची सवय. त्यांना भीती बसली होती.

काकूंनी पेटी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"भैया, लोहे का दोष नहीं था. मेरी आँख का था. पहले आँख खराब थी, तो हाथ ने सँभाल लिया. फिर आँख ठीक हो गई, और हाथ को पता नहीं चला."

तुळशीरामांनी त्यांच्याकडे बघितलं, मग प्रणोतीकडे. प्रणोती म्हणाली, "जाँचना मेरा काम था. मैंने जाँचा नहीं था."

 तुळशीरामांनी पेटीतून एक छिन्नी उचलली, अंगठ्यावर धार बघितली. काकूंनी पिशवीतून कामाचा चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो चढवला. मग एका ओबडधोबड तुकड्याशी बसून ते ठोकायला लागले. आधी हलके, मग जोरात, मग तिरपे, जसं कोणी शहाणा कारागीर आपल्या छिन्नीला कधी मारणार नाही तसे. दहा मिनिटं तरी ते चाललं. सुमेध रस्त्याकडे बघत राहिला. काकू समोर पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून. प्रणोतीला अठ्ठावन्न हा आकडा ठाऊक होता, तरी ती एकेक घाव मोजत होती.

तुळशीराम थांबले. टोक बोटानं पुसलं, उन्हात धरलं, पाठ उलटून बघितली. चष्मा काढला. आणि मग काकूंना हो किंवा नाही काहीच न म्हणता त्यांनी मान वळवली.

"सलोनी. वो बाजार वाली रख दे."

ती उठून आली. त्यांनी छिन्नी आणि चष्मा तिच्या हातात दिला. ती परत मूर्तीशी जाऊन बसली, पण थोडी लांबच, गेल्या काही दिवसांत बसत होती तशी, मान मागे ठेवून.

"पास से बैठ," तुळशीराम म्हणाले. "इतनी दूर से ओंठ नहीं बनते."

सलोनी पुढे सरकली. दगडापासून वीतभर अंतरावर तिनं चेहरा आणला, छिन्नी ओठाच्या कडेला लावली आणि हातोडी उचलली. नर्मदाकाकूंनी पदर तोंडात धरला. हातोडी पडली, पुन्हा पडली, आणि पांढरी भुकटी सलोनीच्या मनगटावर सांडत राहिली. काकू तिथंच पायरीवर बसून रडायला लागल्या, आणि प्रणोती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.